सुमनचा दुसरा प्रितेश

विरारहून आलेली ती बाई पाचूबंदरला पोचली तेव्हा लिलाव संपत आला होता. बायका आपापल्या वाट्याची मासळी टबात भरत होत्या, बर्फवाले ओरडत होते. बाईने दोघातिघांना विचारलं, "तो रीलवाला प्रितेश कुठे राहतो?" तिघंही मान फिरवून सरकले. चौथ्याने सुमनकडे बोट दाखवलं.

सुमन मांदेली निवडत बसली होती.

"तुम्ही प्रितेशच्या आई?"

प्रितेश होता तेव्हा हा प्रश्न तिला कायम यायचा. नाशिकहून, सुरतेहून पोरंपोरी यायची, त्याच्यासोबत फोटो काढायला. सुमन त्यांना चहा करून द्यायची. तिने हात पदराला पुसले. "हां बाय, मीच."

"मग ऐका. तुमच्या पोराचं वाटोळं होणार आहे. माझ्या पोराला त्याने जुगाराला लावलं. त्याच्यावर विश्वास ठेवून पोरगा खेळत बसला आणि आता घरातून तोंड लपवून फिरतोय. तुमचा पोरगा तडफडून मरेल, लिहून ठेवा."

आजूबाजूचं सगळं थांबलं. सुमनच्या शेजारी बसणारी नॅन्सी उठली. "ए बाय, तोंड सांभाल. तिचा पोऱ्या गेलाय. वरीस व्हायला आलं."

"गेलाय? काल संध्याकाळी बोलत होता." बाईने फोन पुढे केला. "हे बघा. निळी टिक आहे, खोटं कसं असेल?"

फोनवर प्रितेश हसत होता. नावापुढे निळ्या रंगाची बरोबरची खूण. "मित्रांनो, मी तुमचा प्रितेश, आणि आज मी तुम्हाला माझं गुपित सांगणार आहे," असं म्हणत तो कुठल्याशा गेमचं नाव सांगत होता. मी खेळतो, तुम्हीही खेळा. खाली कुणीतरी विचारलं होतं, दादा, तुम्ही तर वारलात ना? बाईने त्याचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं: "अफवांवर विश्वास ठेवू नका. मी ठणठणीत आहे. माझं हे एकच खरं खातं आहे."

सुमन टबाच्या कडेवर बसली. आवाज त्याचाच होता. पण तिने पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा. मग म्हणाली, "ह्यो माजा पोऱ्या नाय. तो 'आनि' बोलायचा. शालेत बाईंनी छड्या मारल्या तरी त्याच्या तोंडात ण बसला नाय."

विरारच्या बाईला यातलं काही कळलं नाही. पण समोरच्या बाईचा चेहरा पाहून ती फोन घेऊन निघून गेली.

वसई गावातल्या मासळी बाजारात मी बरीच वर्षं सुमनकडून मासळी घेते. हे सगळं तिनेच मला तुकड्यातुकड्याने सांगितलं, कधी सुरमई कापता कापता, कधी गिऱ्हाईक नसताना. ती मूळची अर्नाळ्याची, लग्न होऊन पाचूबंदरला आली. नवरा रामचंद्र बोटीवर. गेला की चार-आठ दिवस समुद्रात, आला की गप्प. बोलण्याचं काम घरात सुमनचं. मनाने उदार, पण कुणी दुखावलं तर विसरायची नाही. बाजारात एका बाईने एकदा तिची बसायची जागा बळकावली होती. पुढे त्या बाईच्या मुलीच्या लग्नाला सुमन गेली, पोटभर जेवली, आहेर दिला आणि त्या बाईशी एक शब्द न बोलता परत आली. आजतागायत बोललेली नाही.

प्रितेश तिचा थोरला. बापाबरोबर बोटीवर जायचा आणि तिथलं सगळं फोनमध्ये टिपायचा. जाळं ओढताना गाणी म्हणायचा, कोलीम, म्हणजे बारीक जवळा, कसा वाळवायचा ते दाखवायचा, आईला चिडवायचा. 'प्रितेश पाचूबंदर' म्हणून लोक त्याला ओळखू लागले, दुकानाच्या उद्घाटनाला बोलवू लागले. मग एका दुपारी हायवेवर ट्रकने त्याची मोटारसायकल उडवली.

तो गेल्यावर सुमनने एकच गोष्ट धरून ठेवली होती. बाजारातून आली की जेवायच्या आधी धाकट्या सलोनीने लावून दिलेला प्रितेशचा एक व्हिडिओ ती ऐकायची. बघायची कमी, ऐकायचीच जास्त. काही आठवड्यांपासून मात्र सलोनी रोज काहीतरी कारण सांगत होती. नेट नाही, फोन चार्ज नाही.

विरारची बाई येऊन गेली त्या दुपारी सुमनने तिला समोर बसवलं. सलोनी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, हुशार पोरगी. ती रडायलाच लागली.

"आई, दादाचं अकाउंट गेलंय. ॲपच्या कंपनीने काढून टाकलं. ते फेक आहे म्हणून कंप्लेंट आली होती."

"फेक? त्याचंच ना ते?"

"त्याच्यावर टिक नव्हती ना. आधी ही टिक मोठ्या लोकांनाच मिळायची, खरं-खोटं तपासून. आता कुणीही दर महिन्याला पैसे भरायचे, कुणाचं तरी आधार कार्ड दाखवायचं, की मिळते. ज्याच्याकडे टिक तो खरा. दादाच्या नावाने कुणीतरी टिक घेतली आणि दादालाच खोटं पाडलं."

"आनि त्याचा आवाज?"

"आवाज आता मशीनवर बनवता येतो."

सलोनीने कंपनीला कळवलं होतं. उत्तर आलं, खातेधारकाने स्वतः अर्ज करावा. तिने मृत्यूचा दाखला पाठवला. उत्तर आलं, सदर खातं आमच्या नियमांचं उल्लंघन करत नाही. ती पोलिसांत अर्जही देऊन आली होती. आईला सांगायचं धाडस मात्र तिला झालं नव्हतं.

सुमनने तिला त्या खात्यावरचे सगळे व्हिडिओ एकामागोमाग एक लावायला सांगितले. बरेचसे जुनेच होते, तोंडात नवे शब्द घातलेले. एकावर ती थांबली. प्रितेश स्वयंपाकघरात जेवत होता. चेक्सचा निळा शर्ट, समोर बोंबलाचं कालवण. कडेने एका बाईचा हात आला, ताटात भाकरी पडली, प्रितेशने वर बघितलं आणि मशीनचा आवाज म्हणाला, "मित्रांनो, नशीब आजमावून बघा."

"ह्यो माजा हात हाय," सुमन म्हणाली.

हा व्हिडिओ प्रितेशने कधी टाकलाच नव्हता. अपघाताच्या आठवड्यातलाच तो. तो काढला त्या दुपारी घरात तिघंच होते. जेवणारा प्रितेश, वाढणारी सुमन आणि मोबाईल धरून समोर बसलेला सुरज.

सुरज म्हणजे दमयंतीचा मुलगा, दोन घरं सोडून राहणारा. प्रितेशचं शूटिंग, एडिटिंग सगळं तोच बघायचा. बाजारपेठेत त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. प्रितेश गेला तेव्हा हॉस्पिटल, दाखले, पंचनामा, सगळीकडे तोच धावला होता. प्रितेशचं आधार कार्ड त्याच्याकडेच दिलेलं. फुटलेला फोनही त्यानेच नेला, दुरुस्त करून देतो म्हणून. नंतर म्हणाला, होत नाही मावशी, सगळं उडालंय. आणि दमयंती सुतकाचे सगळे दिवस सुमनच्या उशाशी बसून होती, तिला घास भरवत होती.

सुमन तशीच उठून दुकानात गेली. सुरजने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं. तिने विचारलं, "माज्या पोऱ्याचं नाव तू चालवतोस?"

त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "काय बोलता मावशी? मी पण बघितलं ते, मला पण शॉक बसला. बाहेरचे फ्रॉड लोक असतात, झारखंड वगैरेकडे बसून करतात. मी ट्राय करतो बंद करायला."

"माज्या हाताचा व्हिडिओ त्यांच्याकडं कसा गेला?"

"नेटवर काय, काहीही लीक होतं." मग जरा थांबून, हसून, "आणि मावशी, असं कुणाचं नाव घेऊ नका. प्रूफ लागतं."

सुमन पाणी न पिता घरी आली. सलोनी म्हणाली, आपण पोलिसांना हे सगळं सांगू. सुमन म्हणाली, "सांग. पन ते कवा येतील तवा येतील. तवर तो माज्या हातात पायजे."

दुसऱ्या दिवशी बाजार आटपून ती पुन्हा दुकानात गेली. नीटनेटकी साडी, केसात अबोली, हातात डबा. दुकानात पाचसहा गिऱ्हाईकं होती. ती दारातून हाक मारून म्हणाली, "प्रितेश, बाला, जेवून घे रे. बोंबील केलेत."

सुरज चपापला. एक गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, हा सुरज आहे."

"नाय हो. प्रितेश. माजा पोऱ्या. निली टिक हाय त्याला."

तिने काउंटरवर डबा उघडला आणि समोर बसून राहिली. सुरज ओरडू शकत नव्हता, खाऊही शकत नव्हता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याने हात जोडले. "मावशी, लोक हसतात."

"आय बोल," सुमन म्हणाली. "नाव घेतलंस, मग आय पन घे."

ती रोज जात राहिली. बंदरावर, बाजारात, देवळात, जो भेटेल त्याला सांगायची की प्रितेश जिवंत आहे, सुरजच्या दुकानात बसतो. काहींना वाटलं पोराच्या दुःखाने डोकं फिरलं. काहींनी चौकशी केली आणि त्यांना खरं ते कळलं. मुलं सुरजला मागून 'ए प्रितेश' म्हणून हाका मारू लागली. रामचंद्र बोटीवरून आला, त्याने सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "सोड ना. पोलीस बघतील." ती म्हणाली, "तुमी दर्या बगा."

मग तिने सलोनीला स्वतःच्या नावाने टिक घ्यायला लावली. सुमनचं आधार, सुमनचा फोटो, पैसे भरले आणि दोन दिवसांत सुमन खरी ठरली. तिच्या पहिल्याच व्हिडिओत ती दुकानाच्या पाटीसमोर उभी होती. "मी प्रितेशची आय. ज्यांना प्रितेशला भेटायचंय त्यांनी हितं या." आठवड्याभरात माणसं येऊ लागली. त्या गेमने धुतलेली माणसं. विरारची बाईही आली, आपल्या मुलाला हाताला धरून. कुणीतरी दुकानाची काच फोडली. सुरजने शटर ओढलं. पण ते खातं काही त्याने बंद केलं नाही. गेमवाले तिकडून पैसे देत होते आणि त्याचं लग्न ठरत आलं होतं.

लग्न ठरलं ते अर्नाळ्यात, म्हणजे सुमनच्या माहेरच्या गावात. मुलीचा बाप सुमनच्या चुलत्याच्या बोटीवर काम केलेला. हे सगळं बाहेरच्या फ्रॉड लोकांचं काम, असं सुरजने मुलीकडच्यांना पटवलं होतं. साखरपुड्याचं आमंत्रण पाचूबंदरातल्या सगळ्यांना गेलं, सुमनला नाही. ती तरीही गेली. प्रितेशच्या लग्नात नेसायची म्हणून घेऊन ठेवलेली जांभळी साडी तिने नेसली, हातात ओटीचं ताट घेतलं, सोबत सलोनी. अंगणातल्या मांडवात मुलीकडच्या बायकांनी माहेरवाशीण म्हणून तिला कौतुकाने पुढे बसवलं. दमयंतीने बघितलं आणि नजर खाली घातली.

भटजी म्हणाले, "मुलाच्या आईने पुढे यायचं."

दोघी उठल्या.

"सुमे," दमयंती हळूच म्हणाली, "तू कशाला?"

"मुलाच्या आयला बोलावलं ना."

लोक हसले, त्यांना वाटलं थट्टा चाललीय. मुलीचा बाप पुढे आला. "सुमनबाय, काय चाललंय?"

"भाऊ, तुमची पोर तुमी कोनाला देता? सुरजला का प्रितेशला? ह्यो आख्ख्या जगाला सांगतो, 'मी प्रितेश. मी जिता हाय.' मंग ह्यो माजा पोऱ्या. माज्या घरची सून हाय ती." तिने फोन त्याच्या हातात दिला. "बगा. ह्यो जेवतो तो माजा प्रितेश. वाडते ती मी. आनि शूटिंग करनारा कोन, ते त्याला इचारा."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मांडवात प्रितेशचा आवाज घुमला, नशीब आजमावून बघा. बऱ्याच जणांनी प्रितेशच्या तिरडीला खांदा दिलेला होता. एका म्हाताऱ्याने कानावर हात ठेवले.

सुरज पाटावरून उठला. "मावशी, बस झालं. पाया पडतो."

"मावशी नाय. आय बोल."

तो मांडवाच्या दाराकडे वळला.

"आय बोलायचं नसल तर सांग, प्रितेश कुटं हाय?"

त्याने आईकडे बघितलं. दमयंती त्याच्याकडेच बघत होती, तिलाही उत्तर हवं होतं.

"मेला," तो म्हणाला.

"मोट्यानं."

"मेला! प्रितेश मेलाय! मीच चालवतो ते. मीच टिक घेतली, मीच त्याचं जुनं खातं उडवलं. झालं समाधान?"

सलोनीच्या फोनवर रेकॉर्डिंग सुरूच होतं. मुलगी पाटावरून उठली आणि घरात गेली, आतून दार लावलं. तिच्या बापाने सुरजकडे बघितलंही नाही. दमयंतीला म्हणाला, "ताट उचला बाय. जेवायचं असेल तर जेवून जा." कुणी जेवलं नाही.

मी सुमनला विचारलं होतं, तेव्हा तुला काय वाटलं. ती पापलेटाचे कल्ले उघडून दाखवत होती. म्हणाली, "थंड वाटलं. ताप उतरला की वाटतं ना, तसं."

"दमयंतीचा चेहरा बघितलास?"

"तिचाच बगत होते," ती म्हणाली.

सलोनीच्या व्हिडिओनंतर चक्रं पटापट फिरली. पोलिसांचं पत्र गेलं आणि कंपनीने ते खातं बंद केलं. सुरजला अटक झाली, मग जामीन मिळाला. दुकान दुसऱ्याने घेतलं. पाचूबंदरात तो तोंड दाखवेना, मामाकडे डहाणूला राहू लागला. प्रितेशचं जुनं खातं मात्र परत आलं नाही. एकदा काढलेलं परत आणता येत नाही, असं कंपनीने कळवलं.

आणि मग दमयंती आली. सुमन घरामागे बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. दमयंती कुंपणापाशीच थांबली. अंगाने निम्मी झाली होती.

"सुमे, एक सांगायला आले. प्रितेशचा फोन फुटला होता ना, त्याच्यातलं सगलं सुऱ्यानं काडून ठेवलंय. एका डबीत हाय. सगलं, ल्हानपनापासनं. जे कुनी बघितलं नाय ते पन. तो तुला आनून देईल." ती थांबली. "तू केस माघारी घे."

सुमनच्या हातातला बोंबील तसाच राहिला. त्या डबीत प्रितेशचा खरा आवाज होता. 'आनि' म्हणणारा. रामचंद्र ओट्यावर जाळं विणत होता, तो उठून जवळ आला. सगळ्या प्रकरणात तो पहिल्यांदाच आपणहून बोलला. "घे ना सुमन. एकदा ऐकू दे मला."

सलोनीही दारात आली होती. "आई, प्लीज. आपल्याला दादा मिळेल. ह्याला शिक्षा होऊन काय होणारे?"

"त्यानं ते लपवून ठेवलं," सुमन म्हणाली. "मी त्याच्या दुकानात रोज बसत होते, तवा त्याच्या खनात होतं ते. मला सांगितलं, सगलं उडालंय. आता सौद्याला काडतो?"

"सुमे," दमयंतीला रडू फुटलं, "तुजा गेला, माजाही गेला. गावात येत नाय, लगीन मोडलं, कोन नोकरी देत नाय. मी एकटी बसते घरात. आजून काय पायजे तुला?"

"तू त्याला फोन करतीस?"

"करते."

"तो उचलतो ना?"

दमयंतीने मान हलवली.

"मंग तुजा गेला असं बोलू नकोस," सुमन म्हणाली, आणि पुढचा बोंबील बांबूवर टाकला.

त्याच दुपारी तिने सलोनीला पोलिसांत पाठवलं आणि त्या डबीची खबर दिली. पोलिसांनी डहाणूला जाऊन हार्ड डिस्क जप्त केली. आता ती मुद्देमाल म्हणून लाखेच्या सीलमध्ये आहे. खटला संपल्याशिवाय उघडणार नाही, आणि खटला कधी संपेल ते वकीलही सांगत नाही. सलोनी महिनाभर आईशी धड बोलली नाही. रामचंद्र पूर्वीही गप्पच असायचा, पण आता त्याच्या गप्प बसण्याची सुमनला भीती वाटते, असं तिने एकदा मला सांगितलं.

"चुकले का मी?" तिने विचारलं. माझ्या उत्तराची वाट न बघता तिने सुरी उचलली.

कोर्टाची तारीख असली की तिची मासळी नॅन्सी विकते. सुमन वसईच्या कोर्टात सगळ्यांच्या आधी जाते आणि सुरज जिथून आत येतो त्या दारासमोरच्या बाकावर बसते. तो आला की तिच्याकडे न बघता जातो, गेल्या खेपेला तर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचा वकील तिला म्हणाला, "बाई, तुम्हाला प्रत्येक तारखेला यायची गरज नसते. तुमची साक्ष असेल तेव्हा कळवतील."

"म्हाईत हाय," सुमन म्हणाली, आणि बसून राहिली.